हेराल्डमधली सहावी सुधारणा

साठचा वेग आल्यावर एस्तेरमावशींनी स्टिअरिंग चार बोटं डावीकडे फिरवलं. गाडी सरळच गेली. मग चार बोटं उजवीकडे फिरवलं. तेव्हाही ती सरळच गेली. मग त्यांनी दोन्ही हात स्थिर धरले, आणि गाडी आपल्या मनाने शेजारच्या बसकडे निघाली.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

मी दाराची कडी घट्ट धरून बसलो होतो. "कळलं," मी म्हणालो. "आता परत जाऊ या का?"

ही गोष्ट दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद होण्याआधीची. तेव्हा जुनी गाडी रोज रस्त्यावर काढता यायची. गुडगावच्या एका कंपनीत बारा वर्षं स्टिअरिंगचं डिझाइन करून मी नोकरी सोडली होती आणि गाझियाबादला, साहिबाबादच्या बाजूला, जुन्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज काढलं होतं. आमच्या घरात या प्रकाराला अजूनही 'तो निर्णय' म्हणतात. गॅरेजमध्ये दोघंच होतो. मी, आणि तीस वर्षं जुन्या गाड्यांखाली झोपून काढलेले मिस्त्री रफीकभाई. मी डिझाइन करायचो ते कॉम्प्युटरवर. प्रत्यक्ष स्टिअरिंग खोलताना काळे व्हायचे ते त्यांचे हात.

एस्तेरमावशी गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या माझ्या बायकोच्या ओळखीने. मेधा आणि मावशींची मुलगी नीलिमा एकाच मंत्रालयात, डबा एकत्र खाणाऱ्या. मावशी मूळच्या अहमदनगरच्या, स्वतः अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेल्या, वय चौऱ्याहत्तर. नवरा गेल्यापासून लक्ष्मीबाई नगरला नीलिमाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि नवऱ्याने घेतलेली दोन दारांची हेराल्ड स्वतः चालवायच्या. रविवारी चर्च, मंगळवारी हॉस्पिटलमधल्या मैत्रिणीला भेटायला, बाकी दिवशी मनाला येईल तिकडे.

नीलिमाने अट घातली होती, आणि ती माझ्यासमोरच घातली.

"आईचे डोळे चांगले आहेत, हात चांगले आहेत. गाडी चांगली नाही. महिनाभराने मी शेजारी बसणार. गुडगावपर्यंत जाऊन यायचं. एक्सप्रेसवेवर गाडीने एकदा जरी लेन सोडली तर चावी माझ्याकडे, आणि गाडी घेईल त्याच्याकडे. मग आई, तू माझ्या ड्रायव्हरबरोबर जात जा."

"म्हणजे कुठे जायचं ते तुला आधी विचारायचं," मावशी म्हणाल्या. "मी तीस वर्षं परवानग्या दिल्या आहेत, नीलू. मागायची सवय नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंजिनिअर, तुला महिना पुरेल ना?"

मी म्हणालो, बिल्कुल.

घरी मेधाने एवढंच सांगितलं, "हे बघ, मला तिच्यासमोर बसून रोज जेवायचंय."

आता गाडी का झुलत होती ते सांगतो. हेराल्डचं स्टिअरिंग 'रॅक अँड पिनियन' प्रकारचं. रॅक म्हणजे दाते पाडलेली आडवी पट्टी आणि पिनियन म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असलेलं छोटं दातेरी चाक. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की पिनियन फिरतं, पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि पुढची चाकं वळवते. सोपं आहे. पण या गाडीत पट्टीचं अख्खं घर ज्या रबरावर बसवलेलं असतं, ते रबर पिकलेल्या चिंचेसारखं मऊ झालं होतं. स्टिअरिंग फिरवलं की आधी घरच सरकायचं. चाकांपर्यंत निरोप पोचायचा तो उशिराने, आणि तोही अर्धाच.

रबराऐवजी आम्ही लेथवर ॲल्युमिनियमचे ठोकळे कातून बसवले. ही पहिली सुधारणा. टाय रॉडची टोकं बदलली, म्हणजे रॅक आणि चाक यांच्यामधली मनगटं. ही दुसरी. चाकांची बेअरिंग्ज आणि सस्पेन्शनचे बुश ही तिसरी. जुन्या पद्धतीचे कडक टायर काढून रेडियल टायर घातले, ही चौथी. पाचवी म्हणजे चाकांचं अलाइनमेंट. ते रफीकभाईंनी गाडीभोवती सुतळी ताणून केलं. मी ते नंतर मशिनवर तपासून आणलं, आणि मशिनने सुतळीला दुजोरा दिला. रफीकभाईंनी मशिनचं अभिनंदन केलं नाही.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

हेराल्डच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा लोखंडी दांडा असतो. चाक त्याच्यावर उभं असतं. दांड्याच्या खालच्या टोकाला बोल्टसारखे आटे, मिस्त्रींच्या भाषेत चूड़ियाँ, असतात आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात बसतं. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या पितळेत फिरतो, नटमध्ये बोल्ट फिरावा तसा. तिथे तेल लागतं, आणि तेल म्हटलं की थोडं गळणार. मावशींच्या दोन्ही चाकांजवळ जमिनीवर काळे ठिपके पडायचे.

मी ज्या गाड्यांवर शिकलो त्यांत गळणं म्हणजे आजार. शिवाय कंपनीत माझं आयुष्य गेलं ते जन्मभर सीलबंद राहणाऱ्या सांध्यांवर. ट्रनियन मी पहिल्यांदाच बघत होतो, पण हे मी कोणालाच सांगितलं नाही.

"रफीकभाई, इसमें ग्रीस भरो," मी म्हणालो. "साफ रहेगा."

"साहब, उस्ताद तो इसमें तेल डालते थे."

"तब अच्छा ग्रीस मिलता नहीं होगा."

रफीकभाईंनी ग्रीस गन उचलली. ही सहावी.

पंधराव्या दिवशी गाडी मावशींना दिली. त्यांनी साहिबाबादच्या रस्त्यावर एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अशी चालायची." मी तो आठवडा बराच ताठ मानेने घालवला.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"इंजिनिअर, गाडी सरळ जाते. पण वळल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही रे. मलाच ओढून आणावं लागतं."

"नवीन पार्ट आहेत मावशी. थोडी चालू दे, सैल होईल."

"ब्लाउज घट्ट झाला की आमचा शिंपी पण हेच म्हणतो."

आठवड्याने पुन्हा फोन. आता स्टिअरिंग जड लागत होतं. मी म्हणालो, हवा तपासा, या गाडीत पुढच्या चाकांत मागच्यापेक्षा कमी हवा ठेवायची असते. पंपावरचा माणूस सगळीकडे सारखीच भरत असेल. पंपावरचा माणूस खरोखर तसंच करत होता, म्हणून मला आणखीनच बरं वाटलं. मी गेलो नाही. वळल्यानंतर स्टिअरिंगने आपोआप सरळ होण्याला आमच्या कंपनीत रिटर्नेबिलिटी म्हणायचे. त्या विषयावर मी एकदा चाळीस पानांचा रिपोर्ट लिहिला होता. तिसऱ्या पानावरच लिहिलं होतं की हा गुण अचानक कमी झाला तर सर्वात आधी चाकाजवळचे सांधे तपासावेत.

ट्रायलचा शनिवार उजाडला. मावशी आणि नीलिमा सकाळी दहाला निघणार होत्या. त्या दिवशी मी आणि रफीकभाई मायापुरीच्या भंगार बाजारात होतो. हेराल्डच्या खिडकीचं एक हँडल तुटलेलं होतं. ट्रायल पास झाल्यावर नवीन हँडल बसवून द्यावं, असा माझा विजयोत्सवाचा बेत होता.

दुकानाचे मालक बलबीरजी हँडल शोधायला आत गेले. बाहेर एका पत्र्यावर लोखंडी दांडे रचून ठेवलेले होते. मी एक उचलला. खालच्या बाजूला, आटे जिथे सुरू होतात तिथेच तो तुटलेला होता. दुसरा उचलला. तोही तिथेच. तिसराही.

"ये क्या है?" मी विचारलं, कळलं होतं तरी.

"हेराल्ड की टाँगें हैं जी," आतून आवाज आला.

"सब एक ही जगह से टूटी हैं."

"ग्रीसवाली वहीं से टूटती हैं. ये तेल माँगती है. ग्रीस नीचे बैठा रहता है, ऊपर की चूड़ियाँ सूखी. जाम हो जाती है. फिर एक दिन मोड़ पे, टक." ते हँडल घेऊन बाहेर आले. "ग्रीस कौन भरता है पता है? पढ़े-लिखे लोग. मिस्त्री तो तेल ही डालता है."

रफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"टूटने पे क्या होता है?" मी विचारलं.

"पहिया लेट जाता है, और क्या."

घड्याळात दहा वीस झाले होते. दोन आठवड्यांच्या ग्रीसने धड लोखंड तुटत नाही, एवढं मला कळत होतं. पण ते लोखंड धड आहे हे कोणी तपासलं होतं? मी तर नव्हतं. आणि माझ्या पहिल्या सुधारणेने काम आणखी बिघडवलं होतं. आधी रबर थोडा झटका खायचं. आता मी बसवलेल्या ॲल्युमिनियममुळे मावशींच्या हातांचा सगळा जोर थेट त्या जाम झालेल्या दांड्याला पिळत होता.

मी मावशींना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना त्या फोन उचलत नसत, ही त्यांची शिस्त. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. नीलिमाचा नंबर माझ्याकडे नव्हता.

"चलो," रफीकभाई म्हणाले. माझ्या हातातून किल्ली काढून ते स्वतः माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी बसलो.

नारायणा भागाच्या अलीकडे मी मेधाला फोन केला.

"नीलिमाचा नंबर दे. लगेच."

"का? काय केलंस?"

"काही नाही."

"शिरीष."

"चाक निघून पडू शकतं."

तिने नंबर दिला आणि फोन ठेवला.

दोन रिंगमध्ये नीलिमाने फोन उचलला. मागून हेराल्डचं इंजिन ऐकू येत होतं.

"अरे शिरीष, कमाल केलीत तुम्ही. आम्ही महिपालपूर ओलांडलं. गाडी एक इंच हलत नाहीये. मी आईला म्हटलंसुद्धा, जिंकलीस."

ती पुढे काही म्हणत होती. खोटं नाही सांगत, एक क्षण मनात आलं की जाऊ दे, सरळ रस्त्यावर काही होणार नाही, संध्याकाळी गुपचूप जाऊन तेल भरून येऊ. मावशींची गाडी राहील, मेधाचा डबा राहील, माझं नाव राहील.

"नीलिमा, नीट ऐका," मी म्हणालो. "गाडीत एक चूक राहिली आहे. माझी चूक आहे. पुढचं चाक तुटू शकतं."

"काय?"

"घाबरू नका. सरळ जाताना धोका कमी आहे. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की जास्त आहे. यू-टर्न घ्यायचा नाही. कुठे पार्क करायला आत वळायचं नाही."

"मग थांबवायची कशी? मागे ट्रक आहे."

मी डोळे मिटले. एक्सप्रेसवेच्या मधोमध थांबणं म्हणजे मागच्या ट्रकच्या भरवशावर राहणं. "वेग हळूहळू कमी करा. इंडिकेटर लावा. एका वेळी एकच लेन, अगदी तिरपं तिरपं डावीकडे. जोरात ब्रेक नको."

नीलिमाने ते आईला सांगितलं. मग मला मावशींचा आवाज ऐकू आला, रोजच्यासारखाच.

"एवढंच ना. त्याला सांग, जड लागतंय हे मी पंधरा दिवस सांगतेय."

त्यानंतर फोन चालू राहिला. मागून हॉर्न. एक लांब हॉर्न, बहुतेक बसचा. नीलिमाचा श्वास. इंडिकेटरची टिकटिक मला ऐकू येत होती, किंवा मला तसं वाटत होतं. धौलाकुआँच्या फ्लायओव्हरवर रफीकभाई एवढ्या वेगाने निघाले की एरवी मी त्यांना थांबवलं असतं. मी फक्त फोन कानाला दाबून बसलो होतो आणि एखादा आवाज येऊ नये म्हणून ऐकत होतो. तो आवाज कसा असतो ते बलबीरजींनी सांगितलंच होतं.

"थांबली," नीलिमा म्हणाली. "कडेला थांबली."

"दोघी उतरा. कठड्यापलीकडे उभ्या राहा."

वीस मिनिटांनी आम्ही पोचलो. मावशी कठड्यापलीकडे पर्स हातात धरून बसची वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. रफीकभाईंनी आधी गाडीमागे फांद्या आणि दगड मांडले, मग जॅक लावून पुढचं डावं चाक काढलं.

बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी जुनी रीत आहे. त्यांनी दांडा पुसला, त्याच्यावर माझ्या डिकीतल्या हत्यारपेटीतलं रॉकेल लावलं आणि पाच-सात मिनिटं थांबले. रॉकेल चिरेत शिरतं. मग कोरड्या फडक्याने पुसून वरून खडू घासला आणि हातोडीने हलकेच ठोकलं. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते.

रेघ उमटली. आटे सुरू होतात तिथेच, अर्ध्या दांड्याला वळसा घालून.

"हे आजचं?" नीलिमाने विचारलं.

"जुनं असावं. पण ग्रीस भरून मी ते वाढवलं. तेलच डालायचं असतं, असं रफीकभाई म्हणाले होते. मी ऐकलं नाही."

'डालायचं' हे मराठी नाही, पण त्या वेळी माझ्या तोंडून तेच आलं. कोणी हसलं नाही.

नीलिमाने आईसमोर हात केला. मावशींनी पर्समधून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. मी मान खाली घातली. गाडी क्रेनला लटकून साहिबाबादला गेली. मावशी टॅक्सीने घरी गेल्या, मुलीला विचारून.

बलबीरजींकडून आम्ही न तुटलेले दोन दांडे शोधून आणले आणि दोन्हीवर तीन-तीनदा खडू घासला. नवे पितळी ठोकळे बसवले, त्यांत तेल भरलं. हे काम मी स्वतः केलं, रफीकभाईंच्या देखरेखीखाली. दहा दिवसांनी नीलिमा एकटीच गॅरेजमध्ये आली. तिने ती गाडी आयुष्यात कधी चालवली नव्हती. मला शेजारी बसायला सांगितलं आणि साहिबाबादच्या गल्ल्यांतून तासभर चालवली. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, उलटी, सुलटी. प्रत्येक वळणानंतर तिने स्टिअरिंग सोडलं, आणि प्रत्येक वेळी ते आपणहून सरळ झालं.

"आईने सांगितलं, हे बघ म्हणून," ती म्हणाली. मग तिने इंजिन बंद केलं. "तुम्ही तेव्हा फोन केला नसता तर मला कळलंही नसतं. मी खूश होते."

"हो."

"चावी मी तिला परत देणार आहे. पण ती जड लागतंय म्हणाली, तर त्याच दिवशी यायचं. हवा तपासा म्हणायचं नाही."

त्यानंतर मावशींनी ती गाडी सहा वर्षं चालवली. मग एका डोळ्याला कमी दिसायला लागलं, तेव्हा त्यांनीच आपणहून चावी नीलिमाला दिली. मेधा आणि नीलिमा अजूनही एकत्र जेवतात. सहा महिने माझा विषय निघत नव्हता, एवढंच.

या धंद्यात शिकलो ते असं. बिघडलेलं दुरुस्त करताना सहसा चूक होत नाही. चूक होते ती शेजारच्या, न बिघडलेल्या गोष्टीला हात लावताना, आणि तेही मागची पाच कामं नीट झाल्यावर.

ग्रीस गन आता रफीकभाईंच्या कपाटात असते. मागायला गेलो की ते विचारतात, "किसमें डालना है?" मी सांगतो. मग ते ठरवतात.